भाडेकरूंनी मालकाला काढलं, मालकाने नवी टीम काढली

ट्रान्सफर विंडो उघडली की तुमच्या ग्रुपवर काय चालतं, ते वेगळं सांगायला नको. रात्री एक वाजता कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतो, अमुक मिडफिल्डर हातचा गेला. मग पुढचे दोन तास मालकाचा उद्धार. मालक कंजूस आहे, मालकाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, मालकाला फक्त धंदा दिसतो. यातला बराचसा राग अगदी खरा असतो. आणि सकाळी तुम्ही लेक्चरला पळता तेव्हा मालक आपल्या खुर्चीत जागच्या जागी असतो.

आता समजा, त्या रात्री नुसतं टायपत न बसता सगळ्यांनी मिळून मीटिंग बोलावली, मतदान घेतलं आणि मालकालाच बाहेरचा रस्ता दाखवला, तर? अशक्य वाटतंय ना? पण हे एकदा झालंय. साल १८९२, गाव लिव्हरपूल. बाहेर काढला गेलेला माणूस होता जॉन हौल्डिंग. आणि ज्या टीममधून त्याला काढलं ती लिव्हरपूल नव्हे बरं का, ती एव्हर्टन. घोळ होतोय? होऊ दे. हौल्डिंगची गोष्टच तशी आहे.

हौल्डिंगचा जन्म १८३३ चा, लिव्हरपूलमधलाच. बाप गवळी. म्हणजे शहरातच गोठा, गाई पाळायच्या आणि घरोघरी दूध पोचवायचं. पोरगा लहानपणीच कामाला लागला, बिअरच्या कारखान्यात शिरला, तिथे वर वर चढत गेला आणि शेवटी त्याने स्वतःचा कारखाना टाकला. एव्हर्टन म्हणजे शहराच्या उत्तरेकडचा, कामगारांनी गजबजलेला भाग. तिथल्या पबमधून हौल्डिंगची बिअर खपायला लागली. पैसा आला, त्यामागून राजकारण आलं. हुजूर पक्षाच्या तिकिटावर १८८४ मध्ये तो नगरसेवक झाला. लोक त्याला एव्हर्टनचा किंग जॉन म्हणायला लागले. इंग्लंडच्या इतिहासात किंग जॉन नावाचा जो खराखुरा राजा होऊन गेला, त्याचं नाव काही फार चांगलं नाही. त्यामुळे या टोपणनावात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तुम्हीच ठरवा. आपल्याकडच्या वॉर्डातले भाऊ-दादा डोळ्यासमोर आणा, म्हणजे माणूस कळेल. अडल्यानडलेल्याला मदत करणारा, पण ती कुणी केली हे विसरू न देणारा.

एव्हर्टन क्लबची सुरुवात मात्र चर्चमधून झाली. सेंट डोमिंगो नावाच्या मेथडिस्ट चर्चमधल्या पोरांनी १८७८ मध्ये टीम काढली. खेळायचे स्टॅनले पार्कमध्ये, म्हणजे सार्वजनिक बागेत. वर्षभरातच चर्चबाहेरचे लोक यायला लागले म्हणून नाव बदलून एव्हर्टन केलं. बघ्यांची गर्दी वाढली तसं बागेत भागेना. मग प्रायरी रोडवर एकाने आपलं शेत खेळायला दिलं. पण दर शनिवारी होणारा गोंगाट ऐकून तोही वैतागला आणि यांना निघा म्हणाला. १८८४ साली टीम होती, प्रेक्षक होते, आणि मैदान नव्हतं.

तेव्हा हौल्डिंग पुढे झाला. तो क्लबचा अध्यक्ष होताच. ओळखीतल्या ऑरेल नावाच्या बिअरवाल्याची जमीन त्याने मिळवून दिली. जागा होती ॲनफिल्ड रोडवर. हो, तेच ॲनफिल्ड. सप्टेंबर १८८४ मध्ये तिथे पहिली मॅच झाली आणि एव्हर्टनने अर्ल्सटाउनला ५-० हरवलं. ज्या मैदानावरचं गाणं ऐकून आज तुमच्या अंगावर काटा येतो, त्यावर पहिली आठ वर्षं निळ्यांचं राज्य होतं!

पुढच्याच वर्षी हौल्डिंगने ती जमीन विकत घेतली. आता तो क्लबचा अध्यक्षही होता आणि घरमालकही. मैदानाजवळच सँडन हॉटेल होतं, तेही त्याचंच. खेळाडू कपडे बदलायला सँडनमध्ये जायचे, तिथून चालत मैदानावर यायचे. कमिटीच्या बैठका सँडनमध्ये. मैदानात खाणंपिणं विकायचा हक्कही त्याचाच. वर क्लबला पैसे लागले की उधार द्यायलाही तोच, आणि त्यावर व्याज घ्यायलाही तोच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हाचा क्लब म्हणजे कंपनी नव्हे. सभासद वर्गणी भरायचे, कमिटी निवडायचे, सर्वसाधारण सभेत हात वर करून ठराव पास करायचे. आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच. म्हणजे क्लबची मालकी सभासदांकडे, आणि क्लब जिथे खेळतो ती जमीन एकट्या हौल्डिंगची. क्लब लहान होता तोवर याने काही बिघडलं नाही. पण १८८५ मध्ये खेळाडूंना पगार देणं कायदेशीर झालं, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली आणि तिच्या पहिल्या १२ टीम्समध्ये एव्हर्टन होती. स्कॉटलंडहून पगारी खेळाडू यायला लागले, तिकिटांचा गल्ला भरायला लागला. १८९०-९१ च्या मोसमात एव्हर्टनने लीग जिंकली. आणि या सगळ्या काळात ॲनफिल्डचं भाडं चढत गेलं. १०० पौंडांवरून पाच-सहा वर्षांत २५० पौंड.

सभासद खवळले. त्यांचं म्हणणं तुम्हाला ओळखीचं वाटेल. गर्दी आमच्यामुळे होते, गोल आमचे खेळाडू मारतात, मग फायदा एकाच माणसाच्या खिशात का? हौल्डिंगची बाजूही ऐकून घ्या. कुणी उभं करत नव्हतं तेव्हा जमीन त्याने दिली, पैसे त्याने गुंतवले. क्लबचं उत्पन्न दसपटीने वाढत असताना जमीनमालकाने मात्र जुन्याच भाड्यावर खूश राहावं, हे कुठल्या धंद्यात बसतं? माझं मत विचाराल तर भाडं हा मुद्दा हौल्डिंगच्या बाजूने थोडाफार लढवता येतो. बिअरचा मक्ता, सँडनची ड्रेसिंग रूम आणि कमिटीवरचा वरचष्मा मात्र लढवता येत नाही. एकाच माणसाने टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून सौदा करायचा, आणि मग सौदा बरोबरच झाला म्हणायचं, हे काही खरं नाही.

ठिणगी पडली १८९१ मध्ये. ॲनफिल्डला लागून असलेली पट्टी दुसऱ्या एका ऑरेलची होती. तो म्हणाला, मला माझ्या जागेतून रस्ता काढायचाय. रस्ता निघाला असता तर एव्हर्टनचं नवंकोरं स्टँड आडवं आलं असतं. यावर हौल्डिंगने तोडगा मांडला, क्लबची लिमिटेड कंपनी करा आणि माझी जमीन व ऑरेलची जमीन, दोन्ही विकत घ्या. किंमत ९ हजार पौंडांच्या वर. हा रस्ता अचानक कुठून उगवला, आणि हौल्डिंगला हे आधीपासून ठाऊक होतं का, असा संशय सभासदांच्या मनात घर करून बसला. गरज नसलेली जमीन आपल्या गळ्यात मारली जातेय, असं त्यांना वाटलं. त्यांनी उलट ऑफर दिली, १८० पौंड भाडं घ्या. हौल्डिंगने ती धुडकावली.

समोर उभा होता जॉर्ज मॅहन. पेशाने अकाउंटंट, आणि त्याच सेंट डोमिंगो चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. मेथडिस्ट मंडळींना दारूचा तिटकारा, राजकारणातही हे हौल्डिंगच्या विरोधातले. त्यामुळे भांडण फक्त दारूचं होतं असं पुष्कळदा लिहिलं जातं. पण नुसत्या तत्त्वासाठी एवढी माणसं एका थंड संध्याकाळी मीटिंगला गर्दी करत नाहीत. ती भाड्यासाठी आणि हक्कासाठी आली होती. जानेवारी १८९२ च्या त्या सभेत मॅहन म्हणाला, ॲनफिल्ड सोडू या. कुणीतरी ओरडून विचारलं, मग जाणार कुठे? त्यावर मॅहनने सांगून टाकलं की दुसऱ्या जागेचा करार आपल्या खिशातच आहे. ही जागा म्हणजे स्टॅनले पार्कच्या पलीकडचं एक ओबडधोबड रान. पुढे त्याचंच गुडिसन पार्क झालं.

हौल्डिंग गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने आधीच एव्हर्टनच्या नावाने एक कंपनी रजिस्टर करून टाकली होती. जमीन माझी, नावही माझं, आता काय करता? पण १५ मार्च १८९२ ला सभासदांनी त्याला अध्यक्षपदावरून काढलं. फुटबॉलच्या कारभाऱ्यांनीही निकाल दिला की नाव बहुमताकडे राहणार. खेळाडूही त्यांच्याबरोबर गेले, लीगमधली जागाही गेली. मग सभासदांनी आपली कंपनी काढली, शेअर आपसांत घेतले, जेम्स बॅक्स्टर नावाच्या डॉक्टरने १००० पौंड बिनव्याजी दिले, आणि ते रान ८ हजार पौंडांच्या पुढे मोजून विकत घेतलं. म्हणजे ज्या पैशांसाठी भांडण झालं, जवळपास तेवढेच पैसे शेवटी गेले. पण या वेळी जमीन कुणा एकाची नव्हती.

पुण्यातल्या वाचकांनी इथे जरा थांबावं. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाली आणि आयएसएलमधली तिची जागा हैदराबादच्या नव्या टीमने घेतली. बालेवाडीला घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांना कुणी मीटिंगला बोलावलं नाही. मत मागितलं नाही. फ्रँचायझी मालकाची, ती त्याच्याबरोबर संपली. १८९२ मधल्या एव्हर्टनवाल्यांकडे वर्गणीची पावती होती आणि त्या पावतीला मताचा अधिकार होता. तुमच्याकडे अधिकृत जर्सी आहे, ॲपची मेंबरशिप आहे. फरक तेवढाच आहे, पण केवढा!

आता ॲनफिल्डची अवस्था बघा. स्टँड आहेत, गवत आहे, गोलपोस्ट आहेत, शेजारी हॉटेल आहे. टीम नाही. हौल्डिंग तेव्हा साठीकडे झुकलेला. दुसरा कुणी असता तर प्लॉट पाडून घरं बांधून विकून मोकळा झाला असता. शहर वाढत होतं, पैसेही बक्कळ मिळाले असते. हौल्डिंगने ते केलं नाही. मैदानासमोरच्या आपल्या घरात मोजक्या निष्ठावंतांना बसवलं आणि नवा क्लब काढायचं ठरवलं. एव्हर्टन हे नाव गेलं होतं. मग थेट शहराचंच नाव घेतलं, लिव्हरपूल. कल्पना त्याचा सहकारी विल्यम बार्कले याची. यात सूड किती आणि फुटबॉलप्रेम किती? दोन्ही असावं. पण नुसत्या सुडावर क्लब चालत नाही, पगार द्यावे लागतात.

खेळाडू आणायचं काम जॉन मॅकेनाकडे आलं. हा आयर्लंडहून आलेला, हौल्डिंगचा दोस्त. तो स्कॉटलंडला गेला आणि खेळाडूच खेळाडू घेऊन आला. त्या काळी पासिंगचा खेळ खेळावा तर स्कॉटलंडवाल्यांनीच. मॅकव्हीन, मॅकलीन, मॅकब्राइड, मॅकक्यू, मॅकक्वीन, आणि मॅकक्वीन तर दोन, सख्खे भाऊ! लोकांनी टीमचं नाव पाडलं, मॅकांची टीम. एका उन्हाळ्यात शून्यातून अख्खी टीम उभी केली, तीही जवळजवळ सगळी स्कॉटिश. कॅप्टन अँड्र्यू हॅना. कोण हा? दीड वर्षापूर्वी एव्हर्टनला लीग जिंकून देणारा कॅप्टन! मधल्या काळात तो स्कॉटलंडला परतला होता, हौल्डिंगने त्याला परत लिव्हरपूलला आणलं, पण पार्कच्या दुसऱ्या बाजूला. आजच्या दिवसांत असं काही झालं असतं तर सोशल मीडिया दोन दिवस दुसरं काही बोललाच नसता.

पण पैसा फेकून खेळाडू आणले म्हणून प्रेक्षक येतातच असं नाही. १ सप्टेंबर १८९२ ला लिव्हरपूलची पहिली मॅच झाली, रॉदरहॅम टाउनशी. हौल्डिंगने स्वतः किक ऑफ केलं, टीमने ७-१ ने धुलाई केली. बघायला किती? थोडेच. त्याच आठवड्यात गुडिसनवर एव्हर्टनची नुसती मैत्रीची मॅच बघायला हजारोंनी माणसं लोटली. दोन दिवसांनी लँकेशायर लीगमध्ये हायर वॉल्टनला ८-० हरवलं, तेव्हा तर ॲनफिल्डवर दोनेकशे डोकी होती. लोकांनी सरळ हिशोब केला होता. मैदान आमचं नव्हतं, टीम आमची होती, ती तिकडे गेली, आम्हीही तिकडे. या पाहुण्या मॅकांशी आमचा काय संबंध?

फुटबॉल लीगने हौल्डिंगच्या क्लबला दारातूनच परत पाठवलं होतं, म्हणून लँकेशायर लीग. ती यांनी पहिल्याच वर्षी जिंकली. वर शहराच्या कपच्या फायनलमध्ये एव्हर्टनला १-० हरवलं. आणि मग दोन्ही ट्रॉफी दुकानाच्या काचेत मांडल्या होत्या, त्या चोरीला गेल्या! क्लबला स्वखर्चाने नव्या करून द्याव्या लागल्या.

त्याच उन्हाळ्यात मॅकेनाने एक उद्योग केला. कुणालाही न विचारता, बार्कलेच्या नावाने फुटबॉल लीगला अर्ज ठोकून दिला. लंडनला बैठकीला या, अशी तार आली तेव्हा बार्कलेला कळलं की आपण अर्ज केलाय. पण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये प्रवेश मिळाला. तिथे २८ मॅच खेळून एकही हरले नाहीत, २२ जिंकल्या, ६ बरोबरीत. वरच्या डिव्हिजनमध्ये जायला तेव्हा वरच्या टीमशी एक टेस्ट मॅच खेळावी लागायची. समोर आली न्यूटन हीथ. लिव्हरपूल २-० ने जिंकली आणि न्यूटन हीथ खाली गेली. हीच टीम पुढे मँचेस्टर युनायटेड झाली. कॉलेजच्या कँटीनमध्ये हा मुद्दा जपून वापरा.

१३ ऑक्टोबर १८९४. गुडिसनवर एव्हर्टन विरुद्ध लिव्हरपूल, लीगमधली पहिली डर्बी. ४४ हजार लोक! दोन वर्षांपूर्वी दोनेकशे लोकांसमोर खेळणारी टीम आता अख्खं शहर बघत होतं. एव्हर्टनने ३-० ने मारलं. त्या मोसमात लिव्हरपूल तळाला गेली आणि पुन्हा खालच्या डिव्हिजनमध्ये उतरली. हौल्डिंगवर हसणाऱ्यांना हसायला आणखी एक कारण मिळालं.

पण पैसा आणि हट्ट दोन्ही शिल्लक होते. वर्षभरात टीम परत वर आली. १८९६ मध्ये त्यांनी मॅनेजरच पळवला, टॉम वॉटसन, ज्याने संडरलँडला तीनदा लीग जिंकून दिली होती. टीमचा जो लाल रंग तुम्ही मिरवता, तोही याच सुमाराचा. त्याआधी लिव्हरपूलच्या शर्टवर निळा आणि पांढरा होता, विश्वास ठेवा. वॉटसनने ॲलेक्स रेझबेक नावाचा डिफेंडर आणला, तोही अर्थात स्कॉटिश, आणि त्याच्याभोवती टीम बांधली. आता नुसती खरेदी नव्हती, काय विकत घेतोय हे कळत होतं. इकडे हौल्डिंग १८९७ मध्ये लिव्हरपूलचा लॉर्ड मेयर झाला. गवळ्याचा पोरगा शहराचा पहिला नागरिक.

२९ एप्रिल १९०१ ला लिव्हरपूलने वेस्ट ब्रॉमला १-० हरवलं आणि पहिल्यांदा लीग जिंकली. अवघ्या नऊ वर्षांत. हौल्डिंग हे बघायला होता, पण तब्येत खालावत चालली होती.

तोवर लोकांचं त्याच्याबद्दलचं मत बदललं होतं का? पूर्ण नाही. एव्हर्टनवाल्यांच्या घरात भाडं वाढवणारा हौल्डिंग पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. ॲनफिल्डवाल्यांसाठी तो संस्थापक. दोन्ही खरं आहे. आणि गंमत बघा, एव्हर्टनचं घर त्याने महाग केलं नसतं तर एव्हर्टनला स्वतःचं घर कधी झालंच नसतं. सभासदांनी घेतलेलं ते गुडिसन पार्क १३० वर्षांहून जास्त टिकलं. २०२५ मध्ये एव्हर्टनच्या पुरुषांच्या टीमने गुडिसन सोडलं आणि गोदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये मुक्काम हलवला, तेव्हा मोठमोठे बाप्ये तिथे ढसाढसा रडले. आता दोन्ही क्लबचे मालक अमेरिकन आहेत. लिव्हरपूलच्या फॅन्सनी २०१६ मध्ये महाग तिकिटांच्या विरोधात ७७ व्या मिनिटाला उठून जाऊन दाखवलं आणि मालकांना भाववाढ मागे घ्यायला लावली. सुपर लीगचं खूळ २०२१ मध्ये दोन दिवसांत उतरवलं. मतदान करून मालक बदलणं मात्र पार्कच्या कुठल्याच बाजूला पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

हौल्डिंग १७ मार्च १९०२ ला गेला, फ्रान्समधल्या नीस शहरात. त्याला एव्हर्टनमधून काढल्याला दोनच दिवसांपूर्वी दहा वर्षं पूर्ण झाली होती. मृतदेह लिव्हरपूलला आणला. ॲनफिल्ड आणि गुडिसन, दोन्हीकडचे झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. शवपेटीला खांदा द्यायला लिव्हरपूलचे खेळाडू होते, आणि त्यांच्याबरोबर एव्हर्टनचेही.